स्वतःतून आरपार जाणारी साखळी

पॉलिमर रेणूच्या सगळ्या प्रतिकृतींमध्ये जी सर्वांत भाबडी, तिच्यावरच माझा जीव आहे. सारख्या लांबीच्या काड्या टोकाला टोक जोडायच्या आणि प्रत्येकीला हवी ती दिशा घेऊ द्यायची. काड्यांना जाडी नाही, त्यामुळे साखळी स्वतःतूनच आरपार गेली तरी चालतं. १९३४ साली वेर्नर कून यांनी हा हिशेब मांडला. दोन टोकांमधलं सरासरी अंतर काड्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतं.

पॉलिएथिलीनचे १०,००० बंध घ्या, प्रत्येक ०.१५४ नॅनोमीटरचा. सगळे ओळीने मांडले तर लांबी दीड हजार नॅनोमीटर. साखळी मोकळी सोडली तर हिशेबाने टोकांत अंतर उरतं जेमतेम १५. खऱ्या साखळीत बंधांचे कोन ठरलेले असतात आणि बंधांभोवती फिरणंही पुरतं मोकळं नसतं, म्हणून ते ४० च्या आसपास जातं. वर्गमूळ मात्र हलत नाही. काडी तेवढी लांब धरायची.

पण अणूंना जाडी असतेच. टोल्युइनमध्ये पॉलिस्टायरीनची साखळी स्वतःला टाळत फुगते. सायक्लोहेक्झेनमध्ये ३४.५ अंशांना तिच्या तुकड्यांमधली ओढ त्या फुगण्याला नेमकी तोलून धरते. हा फरक मोजायला पाण्यात बुडवलेल्या व्हिस्कोमीटरमध्ये द्रावण वरच्या रेषेवरून सुटलं की स्टॉपवॉच दाबायचं, खालच्या रेषेवर थांबवायचं. लहानमोठ्या रेणूभारांच्या नमुन्यांची अंगभूत श्यानता लॉग आलेखावर मांडली की सायक्लोहेक्झेनमध्ये उतार ०.५ येतो, टोल्युइनमध्ये ०.७ च्या वर. ते बिंदू एका रेषेत बसताना पाहणं हा या कामातला माझा सगळ्यात मोठा आनंद.

पॉल फ्लोरी यांनी त्याहून धाडसी गोष्ट सांगितली: द्रावक अजिबात नसलेल्या वितळलेल्या पॉलिमरमध्येही साखळी तशीच आदर्श, म्हणजे जाडी नसल्यासारखी वागते. तिथे चहूकडे दाटीच असते; आपला तुकडा टाळून परक्यावरच आदळायचं, तर फुगून मिळवायचं काय? अनेकांना हे पटेना. १९७० च्या दशकात काही साखळ्यांत हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम घालून न्यूट्रॉनांनी त्या मोजल्या आणि फ्लोरी बरोबर ठरले.

म्हणून विद्यार्थी प्रत्येक अणूसह सिम्युलेशन करायला निघाले, की मी आधी वर्गमूळ काढायला लावते. मग मात्र सांगते, की ही साखळी आकार सांगते, वाहणं नाही. वितळलेल्या लांब साखळ्या एकमेकींतून आरपार जाऊ शकत नाहीत. शेजारणींच्या गुंत्यातून त्यांना लांबीच्या दिशेनेच सरपटावं लागतं. रेणूभार दुप्पट केला की श्यानता दसपटीने वाढते.