पिंपातून निघालेला सूर

लंडनमधल्या नॉटिंग हिलच्या कार्निव्हलला आता बरेचजण पिसांचे मुकुट बघायला येतात. ऐंशीच्या दशकात मी लंडनमध्ये राहायला आलो, तेव्हा तिथं पिसांपेक्षा तार, पुठ्ठा आणि रंगवलेलं कापड जास्त दिसायचं. सोंगं घेऊन मिरवणाऱ्या पथकाला 'मास बँड' म्हणतात आणि ते जिथं तयारी करतं तो 'मास कॅम्प'. कुठं चर्चचा हॉल, कुठं कुणाचं तळघर. बसवर काम करणारे, इस्पितळातल्या परिचारिका पाळी संपली की तिथं यायच्या, मुलांनाही सोबत आणायच्या. मुलं मणी ओवायची, बायका टाके घालायच्या, आणि नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात सगळ्यांना पुरायचा. आजही असे कॅम्प आहेत, पण तयार पोशाखाचे पैसे भरून त्या दिवशी फक्त नाचायला येणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्या आनंदाबद्दल माझी तक्रार नाही. पण आपल्या हातानं बांधलेले पंख लावून चालणाऱ्या बाईची मान जशी ताठ असायची, ती मला आठवत राहते.

त्या ताठ मानेला कारण होतं. 1948 साली 'एम्पायर विंडरश' जहाज टिलबरी बंदराला लागलं आणि त्यानंतर वेस्ट इंडीजमधून माणसं येत राहिली. त्यांना खोली भाड्यानं मिळेना. नॉटिंग हिलच्या पडक्या घरांत पीटर रॅकमनसारखे मालक दामदुप्पट भाडं घेऊन त्यांना कोंबत. 1958 च्या ऑगस्टअखेरीस गोऱ्या टोळक्यांनी त्याच घरांवर हल्ले केले. त्या दंगलीला उत्तर म्हणून क्लॉडिया जोन्स यांनी कार्निव्हल भरवला. त्या त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या. कम्युनिस्ट म्हणून अमेरिकेनं त्यांना हद्दपार केलेलं. लंडनमध्ये 'वेस्ट इंडियन गॅझेट' हे पत्र चालवत. 30 जानेवारी 1959 रोजी, ऐन हिवाळ्यात, सेंट पँक्रस टाऊन हॉलच्या छपराखाली तो कार्निव्हल झाला. त्याची स्मरणिका विकून आलेल्या पैशातला काही भाग दंगलीत दंड झालेल्या तरुणांसाठी ठेवला होता, काळ्यांसाठीही आणि गोऱ्यांसाठीही. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या एका तपशिलापाशी थांबलो होतो. ज्यांच्या वस्तीवर दगड पडले, त्यांनी नाचगाण्याच्या पैशातून दगड मारणाऱ्यांचाही दंड भरायचं ठरवलं!

रस्त्यावर कार्निव्हल आला 1966 मध्ये. रोन लॅस्लेट या स्थानिक कार्यकर्तीनं सगळ्या जातीधर्मांच्या मुलांसाठी जत्रा भरवली, आणि रसेल हेंडरसन आपले साथीदार घेऊन, गळ्यात स्टीलपॅन अडकवून वाजवत चालू लागले. लोक मागोमाग निघाले. ब्रिटिश राजवटीनं त्रिनिदादमध्ये चामड्याच्या ढोलांवर बंधनं आणली, तेव्हा लोकांनी बांबू बडवले, पुढं पत्र्याचे डबे, आणि शेवटी तेलाच्या पिंपांतून सूर काढले. तेच हे स्टीलपॅन, आणि आता ते त्याच राज्यकर्त्यांच्या राजधानीत वाजत होतं.

मागचं सगळं चांगलं होतं असं मी मुळीच म्हणणार नाही. नुसत्या संशयावरून कुणालाही धरायची मुभा देणारा 'सस' कायदा 1981 पर्यंत होता, आणि तो काळ्या पोरांवरच जास्त चालायचा. 1976 च्या कार्निव्हलला सुमारे 3,000 पोलीस उतरवले आणि मोठी चकमक उडाली. फ्रँक क्रिचलो यांच्या याच वस्तीतल्या 'मँग्रोव्ह' उपाहारगृहावर तर सारख्या धाडी पडत. त्याविरुद्ध मोर्चा काढणाऱ्या नऊ जणांवर खटला भरला, आणि 1971 मध्ये दंगलीच्या आरोपातून सगळे सुटले. पोलिसांची ती भीती माझ्या शेजाऱ्यांच्या बोलण्यात मी ऐकलेली आहे. ती परत यावी असं कोण म्हणेल?

आज नॉटिंग हिलच्या त्या पडक्या घरांची किंमत कोटींत मोजतात. कार्निव्हलच्या आठवड्यात तीच घरं दारं-खिडक्यांना प्लायवूड ठोकून बंद होतात. ज्यांनी हा रस्ता आपला केला, त्यांतली कितीतरी कुटुंबं भाडी परवडेनात म्हणून दूर गेली आणि आता पाहुण्यासारखी रेल्वेनं येतात. तरी पॉविस स्क्वेअरच्या टॅबरनॅकलमध्ये मास आणि स्टीलपॅनची कामं चालतात. 2017 मध्ये जवळच्याच ग्रेनफेल टॉवर या इमारतीच्या आगीत 72 माणसं गेली. त्यांच्यासाठी मिरवणूक 72 सेकंद थांबते. कार्निव्हलच्या दोन दिवसांपैकी रविवार मुलांचा असतो. आजीनं पॅन वाजवलं, आता नात वाजवते, असं दाखवायला लोक अभिमानानं पुढं येतात, आणि मला तेवढ्यासाठी दर वर्षी जावंसं वाटतं.

गर्दी फार होते, म्हणून कार्निव्हल हाईड पार्कात हलवा, अशी सूचना अधूनमधून येते. सुरक्षेची काळजी खोटी नाही. दोन दिवसांत दहा लाखांच्या घरात माणसं येतात, आणि अरुंद गल्ल्यांत चेंगराचेंगरीची भीती असतेच. त्यासाठी पैसे आणि माणसं हवीत, तर सरकारनं ती द्यावीत. पण कार्निव्हलचं नातं याच रस्त्यांशी आहे. 17 मे 1959 च्या रात्री केल्सो कॉक्रन हा अँटिग्वाचा सुतार या वस्तीत भोसकला गेला आणि त्याच्या खुनाबद्दल आजवर कुणाला शिक्षा झाली नाही. गोलबोर्न रोडवर त्याच्या नावाची निळी पाटी आहे, मिरवणुकीच्या वाटेपासून हाकेच्या अंतरावर. हाईड पार्कचा आग्रह धरणाऱ्यांनी आधी त्या पाटीपर्यंत चालत जावं आणि मग बोलावं.