‘सब ठीक’ एवढा रिपोर्ट पुरेसा नाही

रात्री पोस्ट तपासायला गेलं की संतरी ताठ उभा राहून सांगतो, “सब ठीक है, साब!” आपण तेवढ्यावर परत फिरत नाही. तार बघतो, मोर्चात डोकावतो. घरच्या फोनवर मात्र हेच ‘सब ठीक’ ऐकून फोन ठेवतो. बायकोला चौथा-पाचवा महिना असेल, तर तसं करू नका.

तीन महिने सरले, उलट्या थांबल्या, की घर निर्धास्त होतं. गर्भपाताचा धोका खरंच बराच कमी होतो. पण संपत नाही. त्यात फौजीची बायको त्रास लपवते. तो तिकडे बॉर्डरवर, त्याला कशाला घोर?

मी काश्मीरमध्ये कंपनी कमांडर असताना आमच्या एका नायकाच्या घरी असंच झालं. सतरावा आठवडा. ओटीपोटात जडपणा, कंबर धरलेली, अंगावरून किंचित गुलाबी जाणं. दुखत नव्हतं म्हणून ती दोन दिवस गप्प राहिली. सासूच्या लक्षात आलं आणि तिच्या सासऱ्यांनी, निवृत्त सुभेदारांनी, लगेच गाडी काढली. कळा न येताच गर्भपिशवीचं तोंड उघडू लागलं होतं. डॉक्टरांनी टाका घातला. ते पोर आज शाळेत जातं. दरवेळी टाका घालता येतोच असं नाही; पण वेळेत पोहोचलं तरच डॉक्टरांना काही करता येतं.

म्हणून फोनवर नेमकं विचारा. रक्त दिसलं का, थेंबभर किंवा तपकिरी असलं तरी? पाण्यासारखं काही जातंय का? पोटात थांबून थांबून कळ येते का, खाली दाब वाटतो का? ताप, लघवीला जळजळ? एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणं? पोटात पाणीही टिकत नाही का? डोकं फार दुखतं, नजर अंधुक होते का?

यातलं एकही ‘हो’ आलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. रक्त किंवा पाणी जाणं, कळा, धाप, छातीत दुखणं, भोवळ असेल तर लगेच 108. एमएच लांब असेल तर आधी जवळचं हॉस्पिटल गाठा. कार्ड, कागद नंतर.

बाळाची हालचाल अजून जाणवत नाही म्हणून मात्र चौथ्या महिन्यात घाबरू नका. पहिल्या खेपेला ती साधारण 18 ते 20 आठवड्यांच्या सुमारास, कधी त्यानंतरही कळते.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. 2016 पासून ही योजना चालू आहे. तारीख घरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवायला सांगा.

आणि माजी सैनिक मित्रांनो, आम्ही इकडे असताना गावात तुम्ही आहात. शेजारी एखाद्या जवानाची बायको गरोदर असेल, तर तुमचा नंबर आजच तिच्या फोनमध्ये असू द्या. रात्री दोन वाजता गाडी कोण काढणार, हे आधीच ठरलेलं असलं पाहिजे.