दवाखान्यातली गोष्ट दवाखान्यातच राहते का?



कपाशीचे बियाणे घ्यायला आपण कृषी सेवा केंद्रात जातो, तेव्हा काय काय बघतो? भिंतीवर परवाना लावला आहे का, पिशवीवर लॉट नंबर आणि मुदत छापली आहे का, दुकानदार पक्के बिल देतो का. बिल देत नाही म्हणाला, तर आपण सरळ दुसऱ्या दुकानाची पायरी चढतो. चोपडा तालुक्यात कृषी विस्ताराचे काम करताना हेच सांगत माझे निम्मे आयुष्य गेले, आणि आता आमचा शेतकरी हे सगळे बघतो याचे मला समाधान आहे.

पण तोच शेतकरी दवाखान्यात गेला की गप्प बसतो. नाव, वय, मोबाईल नंबर, आधार कार्ड, घरातले जुने आजार, बायकोचे बाळंतपण, सगळे सांगून मोकळा होतो. ते कोणी लिहून घेतले, कोणी वाचले, पुढे कुठे गेले, याची चौकशी करत नाही. मी एकाला विचारले, तर म्हणाला, "भाऊ, आपले काय करनं शे!"

आपल्याला पुष्कळ करायचे आहे, म्हणून आज हे लिहितो आहे. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. पण नमुने, नोंदी आणि अहवाल यांच्याशी माझा रोजचा संबंध. माती परीक्षणाचे नमुने आणले की पिशवीवर क्रमांक, नाव आणि गट नंबर नीट लिहा, असे मी बजावतो, कारण चिठ्ठी बदलली की एकाच्या शेताचा सल्ला दुसऱ्याच्या शेतात जातो. तरीही मातीचे एक बरे असते. तिचा अहवाल चावडीवर मोठ्याने वाचला, तरी शेताची अब्रू जात नाही. स्फुरद कमी निघाले म्हणून कोणी शेताशी सोयरीक मोडत नाही. माणसाच्या रक्ताचा अहवाल चावडीवर गेला तर काय होते, ते आपण सगळे जाणतो.

आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. माझ्या मावसबहिणीला छातीत गाठ लागली. धीर करून ती तपासायला गेली. अहवाल तयार झाला, तेव्हा तिथल्या माणसाने तो तिच्या गावच्या एका ओळखीच्या तरुणाच्या मोबाईलवर पाठवून दिला, "तेवढा पोचव रे" म्हणून. त्याच्या मनात वाईट काही नसेल. पण संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या चार बायका तिला भेटायला आल्या, आणि दाराशी उभ्या राहून हळहळल्या. तिच्या हाती अहवाल पडायच्या आधी तो गावाला ठाऊक झाला होता. पुढची तपासणी जळगावला करायची होती. बहीण दीड महिना घराबाहेर पडली नाही. "मला कुठे नेऊ नका, पुन्हा तमाशा नको," एवढेच म्हणायची. गाठ साधी निघाली म्हणून निभावले. दुसरे काही निघते, तर तो दीड महिना आम्हाला केवढ्याला पडला असता?

मंडळी, खरे नुकसान इथे आहे. गोष्ट फुटते या भीतीने माणूस तपासायलाच जात नाही. बाई गाठ लपवते, तरुण खोकला लपवतो, आणि बोंडअळीसारखा आजार आत वाढत राहतो.

पूर्वी दवाखान्यात एक जाडजूड वही असायची. ती कपाटात राहायची आणि वाचायची तर कपाटापर्यंत जावे लागायचे. आता वहीच्या जागी संगणक आला, मोबाईल आला. त्याने सोयही पुष्कळ झाली. पण उघडे राहिले तर एका गावापुरते राहत नाही. ग्रीनबोन नावाच्या जर्मन कंपनीचा एक अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत आला होता. रुग्णांचे एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय ज्या संगणकांत साठवतात, त्यांतले कित्येक इंटरनेटला जोडलेले, पण पासवर्डचे कुलूप न लावलेले सापडले. चित्रांबरोबर रुग्णाचे नाव आणि जन्मतारीखही होती. भारतात सगळ्यात जास्त उघडे सापडले ते आपल्या महाराष्ट्रात: रुग्णांच्या नोंदींचे सुमारे ३ लाख ८ हजार संच आणि सुमारे ६ कोटी ९७ लाख चित्रे! फेब्रुवारी २०२५ मध्ये तर राजकोटच्या एका प्रसूतिगृहातले, बायकांच्या तपासणीचे कॅमेऱ्यातले चित्रण चोरून विकले गेल्याचे उघड झाले. पकडलेल्यांत आपल्या महाराष्ट्रातलेही होते. घराला कुलूप न लावता जत्रेला जावे, तसला हा प्रकार.

मग आपल्यासारख्याने दवाखाना पारखायचा कसा? संगणकातले आपल्याला कळत नाही, हे खरे. पण केळीच्या घडाकडे पाहून आपण मुळाची तब्येत ओळखतोच ना? तसेच आहे हे. बाकावर बसल्या बसल्या पुष्कळ दिसते.

पहिले, कान उघडे ठेवा. नंबर लावताना कंपाउंडर "काय होतंय?" असे सगळ्यांसमोर मोठ्याने विचारतो का? आत एका वेळी एकच रुग्ण घेतात, की एकाची नाडी चालू असताना दुसरा टेबलाशी उभा असतो? पडदा आहे का, दार लोटले जाते का?

दुसरे, टेबलाकडे पाहा. दुसऱ्याचे कागद उघडे पडले आहेत आणि त्यावरचे नाव व आजार तुम्हाला वाचता येतो, तर समजून घ्या की उद्या तुमचा कागद तिसरा माणूस वाचणार आहे. दवाखाना पारखायची याहून सोपी खूण मला माहीत नाही.

तिसरे, अहवाल कोणाच्या हाती देतात ते बघा. नाव सांगितले की कोणालाही देतात, की पावती मागतात? "तुम्ही पेशंटचे कोण?" असे एखाद्या प्रयोगशाळेने विचारले, तर रागावू नका. ती तुमच्याच घराची राखण करते आहे. अहवाल मोबाईलवर हवा असेल तर आपला स्वतःचा नंबर स्वतः लिहून द्या, आणि तो दवाखान्याच्या फोनवरून येतो की कामावरच्या पोराच्या खासगी फोनवरून, तेही विचारा.

चौथे, कॅमेरा. दारात, औषधाच्या काउंटरवर असला तर हरकत नाही. तपासणीच्या खोलीत, इंजेक्शनच्या खोलीत दिसला, तर तिथेच विचारा. माय-बहिणींनी यात संकोच करू नये.

यानंतर तीन प्रश्न नम्रपणे विचारायचे. ही माहिती कशासाठी हवी? ती कोण कोण बघणार? मला माझी प्रत मिळेल का? उत्तर कसे येते, त्यावरून दवाखाना कळतो. एका वाक्यात सरळ सांगितले तर चांगले. "तुला काय करायचं, सही कर," म्हणाले, तर बिल न देणाऱ्या दुकानदाराची आठवण ठेवा. कोऱ्या कागदावर सही-अंगठा देऊ नका. लिहिलेला कागद वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वाचून घ्या. आणि मोबाईलवर येणारा ओटीपी म्हणजे आपली सहीच. कशासाठी ते कळल्याशिवाय तो सांगू नये. 'आभा' नावाचा १४ अंकी आरोग्य क्रमांक आता सरकारी दवाखान्यात विचारतात. तो काढणे ऐच्छिक आहे. काढला तर जुने कागद जपण्याची सोय होते, आणि तुमच्या संमतीशिवाय त्यातले कागद दुसऱ्या दवाखान्याने बघायचे नाहीत, अशी त्याची रचना आहे. ती संमती विचारपूर्वक द्या.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. काही माहिती कायद्यानेच द्यावी लागते. क्षयरोगाचा रुग्ण सापडला तर खासगी डॉक्टरलाही सरकारला कळवावेच लागते. हा नियम २०१२ पासून आहे. गरोदर बाईच्या सोनोग्राफीच्या वेळी एक फॉर्म भरून घेतात, तो गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी. सरकारी योजनेतून उपचार घ्यायचे तर योजनेने मागितलेली कागदपत्रे दाखवावीच लागतात. यात डॉक्टरने आपला विश्वासघात केला, असे मानू नये. आणि गुप्ततेच्या भीतीने खुद्द डॉक्टरपासून तर काहीच लपवू नका. फवारणीनंतर चक्कर आली, तर औषधाचे नाव, डबीसकट, सांगायलाच हवे.

कायदा कोणाच्या बाजूने आहे, असे तुम्ही विचाराल. तो तुमच्या बाजूने आहे. डॉक्टरांच्या वर्तणुकीचे नियम २००२ सालचे आहेत. रुग्णाचे गुपित फोडू नये, दाखल केलेल्या रुग्णाचे कागद तीन वर्षे जपावेत, आणि रुग्णाने मागितले तर ७२ तासांत द्यावेत, असे त्यांत सांगितले आहे. त्याआधी १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले होते, की रुग्णाला त्याच्याच केसपेपरची प्रत नाकारताना गुप्ततेचे कारण पुढे करता येणार नाही. प्रतीचा खर्च तेवढा त्याने द्यावा. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्याच साली एचआयव्हीचा कायदा झाला, आणि रुग्णाच्या संमतीवाचून ती गोष्ट फोडायला, कायद्यातले मोजके अपवाद सोडून, मनाई झाली. महाराष्ट्रात २०२१ पासून खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. कृषी केंद्रात परवाना शोधता, तशी ही सनद भिंतीवर शोधा. माहितीच्या संरक्षणाचा नवा कायदा २०२३ साली संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू व्हायचा आहे. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी, संमती मागताना मराठीतूनही समजावण्याची सोय असावी, आणि माहिती फुटली तर ती ज्याची त्याला कळवावे, असे तो सांगतो. निष्काळजीपणाला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. एवढे असूनही कोणी गुपित फोडले, तर आधी डॉक्टरांना भेटून सांगा, मग लेखी द्या, आणि तरी दाद नाही लागली तर डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. फोटो किंवा चित्रण पसरवले असेल, तर थेट पोलीस ठाणे गाठा.

आता थोडे आपल्याविषयी. दवाखान्याला नावे ठेवताना आपणही आपले घर झाडले पाहिजे. शेजाऱ्याचा अहवाल हाती आला की चार जणांना दाखवतो कोण? गावच्या व्हॉट्सॲप गटावर दाखल रुग्णाचा सलाईन लावलेला फोटो टाकतो कोण? प्रेमाने टाकतो, पण त्या माणसाला विचारून टाकतो का?

हे सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्याला अधिक कळायला हवे. आपल्या आदिवासी बांधवांत सिकलसेल आहे. १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आणि देशभरात ७ कोटी लोकांची तपासणी करायचे ठरले. तपासणीनंतर कार्ड मिळते. कार्डावर 'वाहक' लिहिले म्हणजे माणूस आजारी नव्हे. तो तुमच्या-आमच्यासारखाच शेतात राबतो. फक्त नवरा-बायको दोघेही वाहक असले, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याचा धोका चारात एक असतो. म्हणून लग्नाआधी दोन्ही घरांनी एकमेकांची कार्डे पाहावीत, हे शहाणपणाचेच. पण ती त्या दोन घरांनी, आपखुशीने. यादी पाड्यावर वाचली गेली आणि 'ही पोर सिकलसेलवाली' असे बोट दाखवले गेले, तर पुढच्या वर्षी तपासणीला रक्त द्यायला कोण पुढे येईल? मग अभियान कितीही मोठे असो, आजार तिथेच राहील.

आपल्याकडचे पुष्कळ डॉक्टर आणि परिचारिका रात्री-अपरात्री उठून धावतात, आणि रुग्णाचे गुपित आपल्या पोटात ठेवतात. आपण प्रश्न विचारले तर अशांना आनंदच होईल, कारण चोख माल विकणाऱ्याला बिल द्यायची भीती नसते. तेव्हा पुढच्या वेळी दवाखान्यात जाल, तेव्हा बियाणे घेताना असता तसेच सावध असा. कागद आपल्या पिशवीत, क्रमाने, कोरडे ठेवा. घरच्या बायांना हे वाचून दाखवा. आणि कोणी विश्वासाने आपल्याला आपले दुखणे सांगितले, तर ते दुसऱ्याच्या घरची ठेव म्हणून जपा.