जुन्या काळाचे ताट

वाशीजवळच्या एका हॉटेलात आम्ही विभागातले चौघे 'जुन्या काळचे जेवण' जेवायला गेलो. भिंतीवर कंदील, दाराशी जाते (सिमेंटने पक्के केलेले, म्हणजे फिरणारच नाही), पितळी ताटात ज्वारीची भाकरी, पिठले, ठेचा. चव उत्तम होती, हे आधी सांगावयास हवे. परंतु मराठवाड्यात 1972च्या दुष्काळातून गेलेली माणसे वेगळेच ताट सांगतात : रेशनवरचा तांबडा मिलो, दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी. 'अस्सल ग्रामीण' या सदरात हे पदार्थ बसत नाहीत. ग्रामीण साहित्यावरच्या उत्तरपत्रिकांतही विद्यार्थी कंदील आणि जातेच लिहितात. आमच्यापैकी एकाची आई त्या वर्षी खडी फोडत होती. त्याने दुसरी भाकरी मागवली, आणि बिल आल्यावर भाकरीचा दर दोनदा वाचला.