‘कुठे आहेस?’ एवढं सोडून

नेव्हीत असलेल्या लेकीचा फोन आला की एक प्रश्न गिळावा लागतो. कुठे आहेस? आपल्याकडे फोनवरचं बोलणं सुरूच होतं या प्रश्नानं. भाजी आणायला गेलेल्या माणसालाही आपण आधी तेच विचारतो. संध्याकाळी जेहान सर्कलच्या गर्दीत अडकलेल्या नवऱ्याला मी विचारते, ते म्हणतात, ‘आलोच, विद्या विकासपाशी आहे,’ आणि तेवढ्यावर मी कुकर लावते. लेकीला मात्र हे विचारायचं नाही. जहाज कुठून निघालं, कुठे चाललंय, परत कधी लागणार, यातलं काहीही तिनं फोनवर सांगायचं नसतं. मी विचारलं तर तिला गप्प तरी राहावं लागेल, नाहीतर आईशी खोटं तरी बोलावं लागेल. ती वेळ तिच्यावर येऊ द्यायची नाही, एवढं माझ्या हातात आहे. म्हणून मी विचारते, ‘जेवलीस का?’ याचं उत्तर ती मोकळेपणानं देऊ शकते, अगदी डाळ कशी होती इथपर्यंत.

नाशिकला फौज नवी नाही. देवळालीला तोफखान्याचं मोठं ठाणं आहे, सरावाच्या तोफांचे आवाज त्या बाजूच्या लोकांच्या अंगवळणी पडलेत. आमच्या गंगापूर रोडला लागूनच भोसला मिलिटरी स्कूल, डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ साली सुरू केलेलं. खाकी कपड्यातली मुलं रस्त्यानं जाताना दिसली तर कुणी वळून पाहत नाही. पण पांढरा गणवेश आमच्याकडे कुणाच्या घरात नव्हता. समुद्राशी आमचा संबंध मे महिन्यातल्या अलिबाग-गणपतीपुळ्यापुरता. गोदावरीचंही तसंच आहे. ब्रह्मगिरीवर ती उगम पावते तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर, पण त्याच्याकडे पाठ फिरवून ती १,४६५ किलोमीटर चालत पार बंगालच्या उपसागराला जाते. तिच्या काठी वाढलेली मुलगी समुद्रावर जायचं म्हणाली, तेव्हा आमच्या घरात हो म्हणायला आणि नाही म्हणायलाही कुणाकडे अनुभव नव्हता.

ती अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीतली. २०२२ च्या नोव्हेंबरात ओडिशातल्या आयएनएस चिल्काला गेली. २८ मार्च २०२३ ला त्या तुकडीचं दीक्षान्त संचलन झालं, अडीच हजारांवर मुलं आणि त्यांत पावणेतीनशेच्या आसपास मुली. संचलन सूर्यास्तानंतर झालं, दिव्यांच्या उजेडात. असं आपल्या सैन्यदलांत तोवर कधी झालं नव्हतं. आम्ही दोघं तिथे बसलो होतो आणि मला त्या पांढऱ्या रांगांमधून माझी मुलगी ओळखू येत नव्हती. शाळेच्या स्नेहसंमेलनात शंभर पोरांच्या घोळक्यातून मी तिला केसांवरून ओळखायची. इथे सगळ्यांच्या टोप्या एका रेषेत, सगळ्यांचे हात एका उंचीवर. ‘ती बघ, तिसऱ्या रांगेत,’ असं हे म्हणाले, ते बरोबर होतं की नाही मला अजून माहीत नाही. पण त्या क्षणी मला त्याची गरजही वाटली नाही. दिव्यांखालून जाणाऱ्या प्रत्येक मुलीकडे मी आपलीच म्हणून बघत होते.

मग ती मुंबईतल्या एका जहाजावर रुजू झाली आणि खरं शिक्षण आमचं सुरू झालं. २०१९ च्या डिसेंबरात नौदलानं युद्धनौकांवर स्मार्टफोन न्यायला बंदी घातली. हेरगिरीच्या एका प्रकरणानंतरचा तो निर्णय, आणि तो योग्यच आहे असं मला मनापासून वाटतं. जहाज किनाऱ्याला लागलं की फोन, निघालं की शांतता. हिरवा ठिपका नाही, निळ्या खुणा नाहीत. तिच्यासाठी एक पत्ता मात्र आहे. त्यात ती असेल ते गाव नाही, रस्ता नाही, पिनकोडवरून कुठला समुद्र ते कळत नाही. तिचं नाव, हुद्दा, जहाजाचं नाव आणि खाली ‘फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’. पत्र कुठल्या बंदरात तिच्या हाती पडेल ते टाकणाऱ्याला कळत नाही, पण पडतं. आमच्या पोस्टातल्या खिडकीवरच्या मुलानं हा पत्ता पहिल्यांदा वाचला तेव्हा तो जरा ताठ बसला. तेव्हापासून माझं पाकीट तो हातात घेऊन शिक्का मारतो, ढिगात टाकत नाही.

पत्रात लिहायचं काय, हे मला आमच्या सोसायटीतल्या एका मावशींनी सांगितलं. त्यांचे यजमान तोफखान्यात सुभेदार मेजर होते. ६५ चं आणि ७१ चं, दोन्ही युद्धं मावशींनी घर सांभाळत काढली. त्या म्हणाल्या, ‘अगं, पत्रात रडायचं नाही आणि अभिमानाचे ढोलही बडवायचे नाहीत. दोन्हीचं ओझं त्यांच्यावर पडतं. घर लिही. भिंतीला ओल आली तर तेही लिही.’ मी तसंच करते. गच्चीवरच्या कुंडीत कढीपत्ता पुन्हा फुटला. कालच्या गारपिटीनं निफाडकडे द्राक्षांचं वाटोळं झालं, मामाचा प्लॉट वाचला. सोमेश्वरला श्रावणी सोमवारी इतकी गर्दी होती की आम्ही रस्त्यावरूनच नमस्कार केला. आणि पावसाळ्यात सगळ्यात महत्त्वाची बातमी, दुतोंड्या मारुतीची.

नाशिकबाहेरच्यांना हे सांगायला हवं. रामकुंडाजवळ नदीच्या पात्रातच हा मारुती उभा आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की किती क्युसेक सोडलं ते पेपरात येतं, पण नाशिककर पूर मोजतो तो मारुतीच्या अंगावर. घोट्याला पाणी म्हणजे नेहमीचं. गुडघ्याला लागलं की घाटावरचे दुकानदार सामान हलवायला लागतात. कमरेला लागलं की शहर बघायला निघतं. छाती, मग गळा, आणि डोक्यावरून गेलं की महापूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो दिसेनासा झाला होता, तेव्हा ती कॉलेजला होती आणि मैत्रिणींबरोबर होळकर पुलाकडे पळाली होती. आता मी तिला तारीख घालून लिहिते : ‘सकाळी गुडघे. दुपारी बाबा बघून आले, कंबर. रात्री विसर्ग वाढवलाय, उद्या छाती.’ मागे एकदा किनाऱ्यावरून फोन केला तेव्हा ती म्हणाली, ‘आई, ते मारुतीचं पत्र मी मेसमध्ये सगळ्यांना हिंदीत वाचून दाखवलं. आता सगळ्या विचारतात, आगे क्या हुआ?’ चहूकडे पाणीच असलेल्या मुलींना आमच्या नदीतल्या कमरेएवढ्या पाण्याची उत्सुकता वाटावी, याचं मला फार समाधान वाटलं.

तिच्या कामाचं जे सांगण्याजोगं आहे ते ती सांगते. जहाजावरचा दिवस वॉचमध्ये कापलेला असतो. रात्री बारा ते चार मिडल वॉच, चार ते आठ मॉर्निंग, आणि संध्याकाळी दोन-दोन तासांचे डॉग वॉच, म्हणजे तीच ती पाळी रोज एकाच्याच वाट्याला येत नाही. हे मला पाठ झालंय. रात्री जाग आली की घड्याळ बघून मी मनात म्हणते, हा मिडल. ती त्यावर असेल किंवा झोपली असेल. दोन्ही ठिकाणी ती जागच्या जागी आहे, असं धरून मी कूस बदलते.

सगळ्या रात्री अशा नसतात. २०२५ च्या मे महिन्यात पहलगामच्या हल्ल्यानंतरची कारवाई सुरू झाली. सात तारखेच्या मॉक ड्रिलसाठी जी शहरं निवडली होती त्यांत नाशिकही होतं. लेकीचा फोन त्याआधीच थांबला होता. आठ तारखेच्या रात्री वाहिन्यांवर निवेदक ओरडून सांगत होते की आपल्या नौदलानं कराची बंदर बेचिराख केलं. नातेवाइकांचे फोन सुरू झाले. कुणी अभिनंदन केलं, कुणी विचारलं, ‘ती तिथेच आहे का?’ बातमी खोटी होती. तसं काही घडलंच नव्हतं. पण ते कळेपर्यंतचे तास आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात उभं राहून काढले. ज्या घरातलं माणूस समुद्रावर आहे त्या घरात त्या आरडाओरड्यानं काय होतं, हे सांगताना आजही माझा आवाज चढतो. बातमी देणाऱ्यानं आधी खात्री करावी, एवढीच माझी मागणी आहे आणि ती मी सोडणार नाही. त्या रात्री ह्यांनी टीव्हीची वायर काढली. अकरा तारखेला नौदलाचे व्हाइस अॅडमिरल ए. एन. प्रमोद पत्रकारांपुढे बसून शांत आवाजात सांगत होते की नौदल उत्तर अरबी समुद्रात पुढे तैनात होतं. तेवढी एक पत्रकार परिषद ह्यांनी वायर लावून बघितली आणि पुन्हा काढली. फोन नंतर आला. मी विचारलं, ‘जेवलीस का?’ ती म्हणाली, ‘हो. तुम्ही?’ आम्ही दोघींनी त्या दिवसांबद्दल आजतागायत अक्षर काढलेलं नाही.

कधी कधी उलटंही होतं, पेपर वाचून छाती भरून येते. मार्च २०२४ मध्ये ‘रुएन’ नावाचं मालवाहू जहाज आयएनएस कोलकातानं चाच्यांच्या तावडीतून सोडवलं. भारताच्या किनाऱ्यापासून २,६०० किलोमीटरवर, चाळीस तास चाललेली मोहीम, पस्तीस चाचे शरण आले आणि जहाजावरचे सतराही खलाशी सुखरूप सुटले. त्यांतले सात बल्गेरियाचे, नऊ म्यानमारचे, एक अंगोलाचा. डिसेंबरपासून ते ओलीस होते. आपली मुलगी तेव्हा कुठे होती हे मी विचारलं नाही. मी विचार करत राहिले तो त्या घरांचा. बल्गेरियातल्या कुठल्याशा गावात एका बाईनं तीन महिने फोनकडे बघत काढले असतील, आणि तो वाजला तो कुणा कानडी, कुणा पंजाबी, कुणा मराठी आईच्या पोरांमुळे.

आमच्या नात्यात अजून काहींना वाटतं, मुलीला एवढ्या लांब, तेही जहाजावर, कशाला? अग्निवीराला चार वर्षं लग्न करता येत नाही, हा नियम सांगितला की स्थळं आणणाऱ्यांचे चेहरे पडतात. मला तो नियम सोयीचा वाटतो, हे उघड सांगते. बाविसाव्या वर्षी तिला स्वतःची चार वर्षं मिळाली. त्यांत तिला उलटी होऊन पुन्हा उभं राहता आलं, लाटेत सरळ रेषेत चालता आलं. पण ही चार वर्षं आता सरत आली. २०२६ अखेर तिची तुकडी बाहेर पडेल आणि चारांतली फार तर एक कायम होईल, असा योजनेचा नियम. बाकीच्या मुली सेवानिधीची रक्कम घेऊन घरी येतील. तिला राहायचंय. दूर असलेल्या लेकराच्या पाठीशी राहणं मला जमलं. आता तिला नको असताना ती घरी परतली तर तेव्हाही तसंच राहता आलं पाहिजे, आणि ते कदाचित जास्त अवघड असेल. तिच्या बाबांनी आत्ताच तिच्यासाठी पुढच्या वाटांची माहिती जमवायला घेतलीय, मी त्यांना थांबवलंय. अजून तिनं मागितलेली नाही.

जहाज मुंबईला लागलं आणि तिला सुट्टी मिळाली की मी पंचवटी एक्सप्रेसनं निघते. नौदल गोदीच्या लायन गेटसमोरच्या फुटपाथवर उभी राहते. ती साध्या कपड्यांत बाहेर येते, पण रस्ता ओलांडताना पाय जरा फाकून टाकते, जमीन हलेल असं धरून चालल्यासारखी. आम्ही दादरला माझ्या बहिणीकडे जातो. तिथे ती हात धुते ते मी दारातून बघते. नळ सोडून हात ओले करते, नळ बंद. साबण चोळते, नखांतला रंग दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं काढते, तोवर नळ बंदच. मग शेवटी पुन्हा सोडते, बारीक. गंगापूर रोडवर धरण उशाला घेऊन वाढलेली ही मुलगी, पूर्वी दात घासताना तिचा नळ बंद करायला मला आत जावं लागायचं.

मागच्या खेपेला तिनं हिमाचलची एक मैत्रीण बरोबर आणली. नाशिकहून मुंबई चार तासांवर, मी येऊ शकते. त्या मुलीची आई येऊ शकत नाही. त्यामुळे कोंडाजीचा चिवडा आता मी दुप्पट घेते, तिखट वेगळा आणि साधा वेगळा. दोघी आमटी-भात जेवून दुपारी आडव्या झाल्या त्या संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. मधल्या वेळात मी त्या मुलीच्या आईला फोन लावला. माझं हिंदी बेताचं, त्यांचं पहाडी वळणाचं. त्यांनी विचारलं, ‘दुबली तो नहीं हुई?’ मी म्हटलं, ‘नहीं बहनजी, दो बार चावल लिया.’ मग त्या रडल्या, मग हसल्या, मग सांगायला लागल्या. यंदा बर्फ उशिरा पडला, सफरचंदाला हवी तेवढी थंडी मिळाली नाही, गाईला वासरू झालंय आणि ते मुलीला अजून माहीतच नाही, फोनवर नुसतं ठीक हो, ठीक हो यातच वेळ संपतो. मी त्यांना म्हटलं, हे सगळं तिला लिहून पाठवा, वासराच्या रंगासकट. त्या म्हणाल्या, जहाजाला चिठ्ठी जाते? मी म्हटलं जाते, कागद घ्या, पत्ता सांगते.