दुधातला उजेड

काळोख्या जिन्यावरून केरी ग्रांट दुधाचा ग्लास घेऊन वर येतो. खिडकीच्या गजांच्या सावल्या भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या, त्याचा चेहरा धड दिसत नाही, आणि दूध मात्र लखलखतं. आल्फ्रेड हिचकॉकने त्या ग्लासात चक्क विजेचा छोटा दिवा ठेवला होता, आपली नजर दुसरीकडे वळूच नये म्हणून. १९४१ सालचा हा ‘सस्पिशन’. वरच्या खोलीत लीना अंथरुणाला खिळलेली. तिचा नवरा जॉनी, म्हणजे ग्रांट, देखणा, बोलघेवडा आणि कर्जात बुडालेला. दुधात विष आहे की नाही, ते तिला ठाऊक नाही, आपल्यालाही नाही.

भोरला पंतसचिवांच्या राजवाड्यात शिरलं की मला हा जिना हटकून आठवतो. सिनेमावाले या वाड्यात येतात ते बहुधा तलवारी आणि पगड्या घेऊन. मला मात्र तिथे रात्री दुधाचे पेले घेऊन माडीवर जाणाऱ्या बायका दिसतात. आपल्याकडे दूध न्यायचं ते बायकोनं. हिचकॉकने पेला नवऱ्याच्या हाती दिला, आणि माया तेवढ्यानेच भयंकर दिसू लागली.

वेल्ह्याच्या मामीला हा सिनेमा मी मोबाइलवर दाखवला. श्रावणातला पाऊस, तोरणा ढगात बुडालेला, वीज गेलेली. इंग्रजी संवाद मी तिला मराठीत सांगत होते. लीनाच्या वडिलांनी लग्नात दिलेल्या जुन्या खुर्च्या जॉनी परस्पर विकतो, तेव्हा मामी काहीच बोलली नाही. नोकरीच्या ठिकाणी त्याने पैसे खाल्ल्याचं कळतं, तेव्हाही गप्प. दूध आलं तेव्हा तिने हातातली शेंग सोलायची थांबवली आणि विचारलं, “हिनं ह्ये कुनाला सांगितलं का न्हाई?”

नाही सांगितलं. अक्षरांच्या सोंगट्या जुळवताना लीनाच्या बोटांखाली ‘खून’ हा शब्द तयार होतो. तिची शंका उघड्यावर येते ती एवढीच. लीना झालेल्या जोन फोंटेनने हा सगळा कोंडमारा डोळ्यांत आणि मानेच्या शिरांत उभा केला. त्यासाठी तिला ऑस्कर मिळालं. हिचकॉकच्या चित्रपटातल्या भूमिकेसाठी ते मिळालेली ती एकटीच.

मराठीतही संशयाचा असा एक सिनेमा आहे, राजा परांजप्यांचा १९६४ सालचा ‘पाठलाग’. पुढे हिंदीत त्याचाच ‘मेरा साया’ झाला. ‘पाठलाग’मध्ये संशय नवऱ्याचा आहे. बायको डोळ्यांदेखत गेली, आणि तिच्याच चेहऱ्याची बाई कोर्टात येऊन म्हणते, मीच तुमची बायको. नवरा स्वतः वकील. त्याच्या संशयाला कोर्ट मिळतं, साक्षी मिळतात, शेवटी निकालही मिळतो. लीनाच्या संशयाला झोपायच्या खोलीबाहेर जागा नाही. दोन्ही चित्रपट मला प्रिय आहेत, पण हा फरक मला फार टोचतो.

मामीच्या मुलखातही बायकांच्या संशयाला अशीच जागा नव्हती. वेल्हे-भोरच्या खोऱ्यांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी मुंबईला गेले. बायका मागे भातखाचरात राहिल्या. तिकडे नवऱ्याचं काय चाललंय, हा प्रश्न सासूला विचारायचा नसतो आणि माहेरी सांगायचा नसतो. तो पहाटे जात्याला सांगितला गेला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. नवऱ्याचं कौतुक त्यांत आहे, तशीच सवत आहे, त्याचं बदललेलं तोंड आहे. दगडाची घरघर चालू असेतो बाईने काहीही म्हणावं, भिंतीपलीकडे फक्त सूर जायचा. पिठाची गिरणी आली, कंबर मोडायची थांबली, हे फार चांगलं झालं. पण ऐकून घेणारं ते एक ठिकाण गेलं. मामीच्या प्रश्नाचं मूळ मला तिथे दिसतं.

‘सस्पिशन’ ज्यावर बेतला त्या फ्रान्सिस आइल्सच्या १९३२ सालच्या कादंबरीत लीना जाणूनबुजून विष पिते. सिनेमात दूध सकाळपर्यंत तसंच राहतं आणि कड्यालगतच्या रस्त्यावर गाडी थांबवून जॉनी सांगतो, विष मी स्वतःसाठी शोधत होतो. लीना लगेच दोष आपल्याकडे घेते. त्याला एकटं पडू दिलं, जवळून ओळखलं नाही, म्हणून कळवळते. गाडी घराकडे वळते, त्याचा हात तिच्या खांद्यावर येतो. मला हा शेवट मान्य नाही. विष नव्हतं, असं धरून चालू. पण खुर्च्या त्याने विकल्या होत्या, पैसे खाल्ले होते, आणि तिच्या विम्यावर कर्ज काढायला तो खरोखरच गेला होता.