धुआंधारच्या काठी सीओसाहेब

भेडाघाटला मराठी माणूस साधारण दोन वाटांनी पोचतो. एक परिक्रमेची, खांद्याला झोळी आणि मुखी ‘नर्मदे हर’. दुसरी फौजेची, पाठीला पिट्ठू आणि मुखी, निदान सुरुवातीचे काही महिने, नुसतं ‘जी साब’. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी दुसऱ्या वाटेने गेलो. सातारकडच्या पोराला डोंगर नवे नव्हते, नदीही नवी नव्हती. नवी होती ती छावणी.

ही छावणी भेडाघाटजवळच्या जबलपूरची. जबलपूर हे फौजेने घडवलेलं गाव आहे. तोफगाड्यांचा कारखाना १९०४चा, खमरियाला दारूगोळा, पलीकडे ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स यांची केंद्रं. आमचं सिग्नलचं प्रशिक्षण केंद्र १९२०पासूनचं. सदर बाजारातून हिंडताना माणसाची पाठ बघून हा परेडवाला की कारखान्यातला, ते सांगता येई.

दिवस शिट्टीने उजाडायचा. मगभर चहा, पीटी, परेड, मग क्लास. क्लासात मोर्स. कानाला हेडफोन, हाताखाली चावी, आणि दिवसभर डिट-डा, डिट-डा. रात्री बत्ती बंद झाली तरी बराकीत कुणाची ना कुणाची बोटं पलंगाच्या लोखंडी कडेवर टकटकत असत. झोपेत कुणी काय निरोप धाडतंय, ते शेजारच्याला कळायचं. बहुतेक निरोप आईला असत.

आमचे सीओसाहेब, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, कडक म्हणून प्रसिद्ध नव्हते. मोठ्याने बोलताना त्यांना कुणी ऐकलं नव्हतं. १९७१ची लढाई त्यांनी तरुणपणी पाहिली होती, एवढंच आम्हांला माहीत. तरी ते येताहेत म्हटल्यावर हवालदार मेजरच्या हातातली काठीसुद्धा सावधान व्हायची. त्याचं कारण मला लंगरमध्ये उमगलं. साहेब जेवण चाखायला येतात तेव्हा झाकलेलं ताट आधीच तयार असतं, ही सगळीकडची रीत. आमचे साहेब त्या ताटाकडे बघत नसत. ते यायचे सगळ्यांत शेवटी, रांगेतली अखेरची पोरं हात धुऊन उभी असताना. कुणाची तरी थाळी मागून घ्यायचे, डाळ डेगच्या तळातून वाढायला लावायचे, चपाती उलटी करून तिची कड बोटांनी दाबायचे आणि उभ्याउभ्याच खायचे. बोलणं एकच, समोरच्या रंगरुटाशी : “घर को चिट्ठी डाली?”

त्या केंद्राच्या भूतकाळात डाळ-चपातीला फार मोठी जागा आहे, हे पुढे वाचनात आलं. २७ फेब्रुवारी १९४६ला, मुंबईचं नाविकांचं बंड नुकतंच मिटलेलं असताना, इथल्या सिग्नलच्या जवानांनीही काम टाकून बाहेर पाऊल ठेवलं होतं. आझाद हिंद सेनेवरचे खटले, गोऱ्या शिपायाचा पगार आणि आपला पगार, हे तर होतंच. पण तक्रारीत जेवणही होतं. साहेबांनी ही हकीगत आम्हांला कधी सांगितली नाही. त्यांना ती ठाऊक नसेल, असं मात्र मला वाटत नाही.

थंडीतल्या एका रविवारी गाड्या भरून आम्हांला भेडाघाटला नेलं. आधी चौसष्ट योगिनी. पायऱ्या रंगरुटाच्या चालीने चढल्या, त्यामुळे वर पोचल्यावर देवापेक्षा श्वास जास्त आठवला. कलचुरींच्या काळातलं, दहाव्या शतकातलं हे देऊळ. मध्ये नंदीवर बसलेले गौरीशंकर आणि भोवती गोल ओवऱ्यांतून योगिनी. कुणाचा हात गेलेला, कुणाचं मुखच नाही, तरी प्रत्येक आपापल्या कोनाड्यात बसलेली. आमच्यातला एक वात्रट ‘रोल कॉल’ म्हणून हसला. साहेबांनी टोपी काढली आणि पूर्ण वर्तुळ चालून आले, एकेका मूर्तीपुढे थांबत. आम्ही खाली उतरून जोडे घातले तरी ते वरच होते.

धुआंधारवर मजा झाली. अख्खी नर्मदा तिथे फटीत कोसळते आणि पाण्याचा धूर होतो. शेजारच्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही. सिग्नलवाल्यांना डिवचायला याहून चांगली जागा नाही. साहेबांनी खिशातून रुमाल काढला, काठीला बांधला आणि लांबच्या खडकावर उभ्या असलेल्या टोळीकडे हलवायला लागले. छोटा झोका डिट, मोठा झोका डा. आमची तोंडं हलू लागली, अक्षरं जुळू लागली. पुरता निरोप लागला तसे सगळे धावत सुटले : ‘चाय तैयार’. क्लासात महिनोन्‌महिने घोकलेलं मोर्स त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आलं, असं मी आजही म्हणतो.

मग नाव. संगमरवराच्या दोन भिंतींमधून नर्मदा इथे इतकी निमूट जाते की मघाची ती हीच का, असा प्रश्न पडतो. कड्यांना आग्यामोहोळाची पोळी लोंबत होती. ह्या माश्यांनी एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या एका इंग्रज इंजिनिअरचा जीव घेतला. माश्यांपासून वाचायला त्याने पाण्यात उडी टाकली आणि तो बुडाला. नाविक पंचविशीचा, लुंगीतला. त्याने सुभेदार मेजरसाहेबांच्या हातातली पेटती बिडी पाहिली आणि सरळ सुनावलं, “फेंको उसे. यहाँ मेरा हुकुम चलेगा.” नावेत कुणी श्वास घेईना. सुभेदार मेजरांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, “सुना नहीं, साब?” बिडी पाण्यात गेली.

पोळी मागे पडल्यावर नाविकाचं तोंड सुटलं. हा पांढरा दगड, हा काळा, ही बंदरकूदनी, हितं ‘जिस देश में गंगा बहती है’चं शूटिंग झालं, सगळं यमकात, वल्ह्याच्या ठेक्यावर. मध्येच त्याने साहेबांच्या टकलावरही एक यमक जुळवलं. आमची हसू दाबता दाबता पोटं दुखली. साहेबांनी गंभीरपणे ते पुन्हा म्हणायला लावलं, आणि उतरताना पैसे त्याच्या हातात स्वतः ठेवले.

पुढच्या सैनिक संमेलनात आमच्या वायरलेसच्या उस्तादांवर संक्रांत आली. साहेब म्हणाले, रेडिओवर बोलायचं कसं ते शिकवायला मला भेडाघाटचा नाववाला हवा; शब्द एकेक सुटा, आवाज एका पट्टीत आणि एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही. उस्तादांनी त्याचा सूड आमच्यावर उगवला. पुढचा आठवडाभर प्रत्येकाला रोज सकाळी परेड मैदानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, एका पट्टीत, आपलं नाव आणि गाव ओरडून सांगावं लागलं. ‘सातारा’ हे नाव माझ्या तोंडून तेवढ्या जोरात त्याआधी कधी निघालं नव्हतं.